व्हेनेरांदच्या आईची फळी

सिडनीजवळ टूनगॅबीच्या या घरात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच शनिवारी दुपारी मला शेणाचा वास आला. आधी वाटलं, भास होतोय. पुणं सोडून इतकी वर्षं झाली की नाक काहीही आठवायला लागतं. पण माझ्या मुलीने, स्पृहानेही नाक दाबलं.

"आई, समथिंग स्टिंक्स."

वास दोन घरं सोडून पलीकडच्या गॅरेजमधून येत होता. तिथे व्हेनेरांद राहायची. मी ज्या चाइल्डकेअर सेंटरमध्ये नोकरी करते, तिथली ती कूक. हे घर भाड्याने आहे हेही तिनेच मला सांगितलं होतं. शटर अर्धं उघडं होतं म्हणून मी वाकून आत पाहिलं आणि तशीच वाकलेली राहिले. आमच्या सेंटरमधल्या सगळ्या पोरांचा स्वयंपाक करणारी ही बाई जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि कोपरापर्यंत शेणात होती.

"मयूरा! ये ना. हात घालतेस?"

सोमवारी हेच हात पोरांच्या पास्त्यात जाणार, एवढंच डोक्यात येत होतं. तिने माझं तोंड पाहिलं आणि पोट धरून हसली. "साबण आहे माझ्याकडे. आणि सेंटरमध्ये ग्लव्हज घालते. तू रोज बघतेस."

स्पृहा माझ्यामागून ओरडली, "इट्स लिटरली पूप!"

"वासराचं आहे," व्हेनेरांद तिला समजावत म्हणाली. "दूध पिणाऱ्या वासराचं. ते सगळ्यात मऊ. रिचमंडच्या पलीकडे एक डेअरी आहे, तिथून बादली भरून आणते. उद्यापर्यंत वास जाईल."

तेव्हा मला कळलं की ती चित्रकार आहे. रवांडाच्या पूर्वेकडे, टांझानियाच्या सीमेजवळ तिचं गाव. तिथल्या बायका शेणात राख मळून लाकडाच्या फळीवर बोटांनी उंचवटे काढतात. त्रिकोण, शंकरपाळ्यासारख्या चौकटी, गोल फिरत जाणाऱ्या रेषा. ते वाळलं की दगडाने घासून गुळगुळीत करतात आणि काळा, पांढरा, तांबडा असे तीनच रंग भरतात. या कलेला इमिगोंगो म्हणतात. तिने भिंतीकडे बोट केलं. वाळलेल्या फळ्या ओळीने टेकवून ठेवल्या होत्या. त्यावरून हात फिरवला तर हे शेण आहे असं शपथ घेऊन सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

"आमच्याकडेही शेणाने जमीन सारवतात," मी म्हणाले.

आता तिचे डोळे मोठे झाले. "जमीन? आणि मग तुम्ही त्यावरून चालता?"

"आणि तुम्ही भिंतीला लावता!"

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. तिचं सगळं आयुष्य मला कळायला मात्र बराच काळ गेला. ती सांगायची, पण मध्येच थांबायची आणि कांदा चिरायला घ्यायची.

तिची आई सिप्रियेन गावात इमिगोंगोसाठी प्रसिद्ध होती. पूर्वी ही नक्षी घरातल्या भिंतींवरच काढत. पण मिशनमधल्या पाद्र्याने फळीवर काढायला सांगितलं, म्हणजे विकता येईल. व्हेनेरांद आईजवळ बसून राख चाळून द्यायची. ती शाळकरी मुलगी होती तेव्हा चौऱ्याण्णव साल आलं. त्या वर्षी रवांडात काही आठवड्यांत लाखो तुत्सी माणसं मारली गेली. बाहेरून कुठलं सैन्य आलं नव्हतं. बहुतेकांना त्यांच्याच ओळखीच्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मारलं. व्हेनेरांद लव्हाळ्याच्या दलदलीत मानेपर्यंत पाण्यात लपून राहिली, म्हणून वाचली. आई आणि दोन भाऊ घरातच होते.

मग मामीकडे युगांडात, तिथून नैरोबी. लग्न झालं, ते टिकलं नाही. शेवटी निर्वासितांच्या व्हिसावर सिडनी. सुरुवातीला हॉटेलांत भांडी घासली, मग चाइल्डकेअरमध्ये कूक झाली. चित्र काढायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. एकदा सेंटरमधली पोरं मातीत खेळत होती. ती त्यांच्यात बसली आणि तिच्या बोटांनी आपोआप आईची नक्षी काढली. "मला वाटलं होतं मी विसरले," ती म्हणाली. "पण बोटं विसरली नव्हती."

तेव्हापासून ती एकच नक्षी काढत आली होती. मध्ये गोल वळत गेलेली रेषा, तिच्याभोवती टोकं वर केलेले त्रिकोण, ओळीवर ओळ. फळ्या लहान, मोठ्या, पण नक्षी तीच. आईच्या हातची एकही फळी तिच्याकडे नव्हती, आईचा फोटोही नव्हता. म्हणून ही नक्षी म्हणजेच आई, असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी तिच्या फळ्यांचं प्रदर्शन लागलं, परामाट्टाजवळच्या एका आर्ट सेंटरमध्ये. उद्घाटन शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी होतं. मी हॅरिस पार्कहून समोसे नेले. व्हेनेरांदने पिवळा लांब झगा घातला होता आणि ती इतकी घाबरली होती की येणाऱ्या प्रत्येकाला "थँक यू, सॉरी" म्हणत होती.

गर्दी ओसरायला लागली तेव्हा एक तिशीची मुलगी तिच्यापाशी आली. जीन्स, गळ्यात लोकरी स्कार्फ, तोंडात पक्की ऑस्ट्रेलियन इंग्लिश. नाव डिवाइन. आईवडील रवांडाचे, ही कॅनबराच्या गुंगालिनमध्ये राहणारी, सरकारी नोकरीत. खास प्रदर्शनासाठी सिडनीला आली होती.

"आमच्याकडे अशीच एक होती," ती म्हणाली. "मी बाळ असतानाची. फोटो दाखवू?"

तिने फोनवर एक जुना, विटलेला फोटो काढला. टांझानियातल्या निर्वासितांच्या छावणीतला. निळ्या प्लॅस्टिकच्या तंबूपुढे एक माणूस खोक्यावर बसला होता. शेजारी बायको, तिच्या मांडीवर बाळ. ते बाळ म्हणजे डिवाइन. आणि मागे तंबूला टेकवलेली नक्षीची फळी.

मी समोशाचा ट्रे घेऊन बाजूलाच उभी होते. व्हेनेरांद आधी कौतुकाने वाकली. मग तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि फोटोचा खालचा कोपरा बोटांनी मोठा केला. आणखी मोठा. तिचा चेहरा बदलला असंही म्हणता येणार नाही. तो नुसता थांबला. चालू पंखा लाइट गेल्यावर थांबतो तसा.

"हे तुझे वडील?"

"हो. फोस्टँ त्यांचं नाव. दोन वर्षांपूर्वी गेले. तुम्ही मॉमला भेटा ना एकदा. तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला तिथे कुणी नाही. माझी भाषा अगदीच बेकार आहे."

"येईन," व्हेनेरांद म्हणाली. फोन परत दिला, बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. उरलेल्या पाहुण्यांना तिने हसून निरोप दिला.

गाडीत बसल्यावर तिने बेल्ट लावला आणि समोर बघत म्हणाली, "ती फळी माझ्या आईची आहे."

"सगळ्या सारख्याच दिसत असतील गं. इतक्या बायका करायच्या..."

"कोपऱ्यात बकरीचा खूर आहे."

मी गाडी सुरू केली नाही. ती सांगत राहिली. फळी अंगणात वाळत घातली होती आणि बकरीचं करडू त्यावरून गेलं. कोपऱ्यात खुराचा ठसा उमटला, मधोमध चीर असलेला. व्हेनेरांद रडली, कारण करडाला सांभाळायचं काम तिचं होतं. आई मात्र हसली आणि तिने तो ठसा तसाच ठेवून त्यात पांढरा रंग भरला. ती फळी विकायची नाही म्हणाली. बैठकीच्या खोलीत लावली.

"आम्हाला मारलं त्या दिवशी ती भिंतीवर होती," व्हेनेरांद म्हणाली.

त्या फोटोतल्या माणसाचा चेहरा मी पाहिला होता. साधा, थकलेला, कडेवर घेतलेल्या पोराला हसवायला सांगितलं तर हसवेल असा. आणि ती हसरी मुलगी माझ्याकडून समोसा घेऊन, "यम, थँक्स" म्हणून गेली होती.

"तू जाऊ नकोस हां कॅनबराला," मी म्हणाले.

"जाणार."

"कशाला? काय मिळणार आहे?"

"फळी मिळेल," ती म्हणाली.

रविवारी मीच तिला गाडीने घेऊन गेले. एकटीला ट्रेनने पाठवायचा धीर मला झाला नाही. वाटेत ती एकच गोष्ट दोनदा म्हणाली, "मुलीला काही सांगायचं नाही. ती पोटात होती तेव्हा." गुंगालिनला पोहोचलो तर भर दुपारीही सावलीतल्या गवतावर दव गोठलेलं, आणि ट्रॅममधून उतरणारी माणसं तोंडातून वाफा सोडत चाललेली. डिवाइनने दारातच व्हेनेरांदला मिठी मारली. आत हीटरशेजारी तिची आई ओदेत बसली होती. लहानखुरी बाई, डोक्याला लोकरी टोपी, गुडघ्यांवर शाल. तिने आमच्यासाठी दुधाचा चहा आणि तळलेले गोड मांदाझी केले होते.

दोघी त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. मला अक्षर कळत नव्हतं, पण सूर कळत होता. पावसापाण्याच्या, तब्येतीच्या गप्पा. व्हेनेरांदने काहीतरी विचारलं, ओदेतने उत्तर दिलं. डिवाइन माझ्या कानाशी म्हणाली, "गाव विचारतेय. मॉम नेहमी किगाली सांगते."

मग व्हेनेरांद हळू आवाजात एक वाक्य बोलली. त्यातला एकच शब्द मला कळला. सिप्रियेन.

ओदेतच्या हातातला मांदाझी अर्ध्या वाटेत थांबला. ती व्हेनेरांदकडे बघतच राहिली. कपाळ, डोळे, हनुवटी, एकेक करून पाहिलं. मग मान खाली घातली.

"व्हॉट? काय म्हणाली ती?" डिवाइनने विचारलं.

व्हेनेरांदनेच सावरून घेतलं. इंग्लिशमध्ये, अगदी सहज म्हणाली, "मी त्या फळीबद्दल विचारत होते. फार छान फळी आहे. आता कुठे असते?"

ओदेत कार्पेटकडे बघत इंग्लिशमध्येच बोलली. "जाळली."

"जाळली?"

"छावणीत. पाऊस होता. लाकूड मिळत नव्हतं. बाळाला दूध गरम करायचं होतं." ती थांबली आणि म्हणाली, "शेणाची होती. चांगली जळली."

मी आयुष्यात पुष्कळ वाईटसाईट ऐकलंय. पण इतकं साधं वाक्य ऐकून अंगावर असा काटा कधी आला नव्हता. तिचा आवाज चढला नव्हता, त्यात कावा नव्हता, खंतही दिसत नव्हती. गोवरी कशी जळते हे एक बाई दुसरीला सांगते, तसं तिने सांगितलं.

डिवाइन खुळी नव्हती. ती एकीकडून दुसरीकडे बघत होती. "मॉम, आपल्याकडे ती आली कुठून? डॅड म्हणायचे, बाजारातून घेतली."

ओदेत त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"मॉम. इन इंग्लिश. प्लीज."

व्हेनेरांद म्हणाली, "राहू दे, बेटा," पण ओदेतला आता थांबता येत नव्हतं. "ते सगळे गेले होते, त्यांच्याबरोबर तो गेला. परत आला तेव्हा हातात फळी होती. मी काही विचारलं नाही. तू पोटात होतीस. दुसऱ्या दिवशी आम्ही सीमा ओलांडली."

"तू ओळखायचीस त्यांना? यांच्या आईला?"

"शेजारीण होती," ओदेत म्हणाली. "तिने मला भोपळ्याचं बी दिलं होतं."

डिवाइन उठली, मागचं दार उघडून थंडीत बाहेर जाऊन उभी राहिली. स्वेटरही न घालता. मी तिच्या मागे गेले, शाल पुढे केली, तिने घेतली नाही. "ते मला शाळेत सोडायचे," ती म्हणाली. "माझे केस तेच विंचरायचे." मी नुसती शेजारी उभी राहिले.

आत आलो तर व्हेनेरांद चहा संपवत होती. शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, कप उचलून सिंकमध्ये ठेवला, ओदेतला काहीही न बोलता बाहेर आली आणि गाडीत बसली.

परतीच्या वाटेवर, गोलबर्नच्या आसपास ती एकदम हसायला लागली. मी दचकले. वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. गाडी कडेला घेतली.

"चांगली जळणारच," ती हसत, डोळे पुसत म्हणाली. "आई वासरू निवडून शेण आणायची. कुणाच्याही गोठ्यातलं तिला चालायचं नाही." मग त्या हसण्याचंच रडणं झालं आणि ते सिडनीची हद्द लागेपर्यंत थांबलं नाही.

मला वाटलं, आता याहून धक्कादायक काही व्हायचं राहिलं नाही. पण काही दिवसांनी डिवाइनने तो फोटो नीट स्कॅन करून, मोठा करून पाठवला. बरोबर तीनच शब्द होते, आय अॅम सॉरी. व्हेनेरांदने मला गॅरेजमध्ये बोलावलं. फोटो तिने भिंतीवर चिकटवला होता आणि शेजारी स्वतःची एक फळी उभी केली होती.

"बघ."

मी पाहिलं. मला आधी काही कळेना. मग दिसलं. आईच्या फळीवर त्रिकोणांची टोकं खाली होती, व्हेनेरांदच्या फळीवर वर. मधल्या गोल रेषेचं शेपूटही आईच्या फळीवर डावीकडे सुटत होतं, हिच्या फळीवर उजवीकडे.

"इतकी वर्षं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी चुकीचं काढत होते. लोक टाळ्या वाजवतात, पेपरात येतं की ही आईची स्मृती जपते. ही आई नव्हतीच. मी तिला उलटी आठवत होते."

"अगं, तू लहान होतीस. तू समोर बसायचीस ना तिच्या? समोरून बघणाऱ्याला उलटंच दिसणार."

हे मी नुसतं समजूत काढायला बोलले होते. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि जमिनीवर जाऊन बसली. आई एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, मध्ये फळी, असं तिने हातांनी दोनतीनदा करून पाहिलं. "राख चाळून द्यायचे ती समोरूनच," ती पुटपुटली. तरीही तिला ते पटलं असं वाटलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस गॅरेजचं शटर बंद राहिलं. सेंटरमध्ये ती स्वयंपाक करायची, पोरांना वाढायची, पण गाणं म्हणायची ते बंद झालं. पोरं विचारायची, "मिस व्हेना, आर यू सिक?" आर्ट सेंटरचा पुढच्या प्रदर्शनासाठी फोन आला, तो तिने घेतला नाही.

आणि मग एका संध्याकाळी परत वास आला.

मी गेले तर ती शेण मळत होती. फोटोतल्यासारखी, टोकं खाली असलेली नक्षी अर्धी झाली होती. "जमतंय?" मी विचारलं.

"बोटं ऐकत नाहीत. सारखी वर जातात." मग सहज म्हणाली, "मधला गोल तांबडा होता. मी काळा समजत होते."

मी फोटोकडे पाहिलं. तो इतका विटला होता की सगळंच तपकिरी दिसत होतं. "तुला कसं कळलं?"

"ओदेतला फोन केला."

माझ्या हातातून पर्सच गळाली. "कुणाला? तू त्या बाईला फोन केलास?"

"मग कुणाला विचारू, मयूरा?" ती हात न थांबवता म्हणाली. "आई गेली, भाऊ गेले. शेजारपाजारचे, आमच्या घरात येऊन बसलेले, सगळे गेले. ती फळी डोळ्यांनी पाहिलेलं या जगात आता दुसरं कोण आहे? ती तर छावणीत रोज बघायची. तिला सगळं आठवतं. काठाला पांढरी पट्टी किती जाड होती तेही आठवतं."

"आणि तिने सांगितलं?"

"सांगितलं. खूप वेळ बोलत होती. शेवटी रडायला लागली तेव्हा मी फोन ठेवला. तिचं रडणं ऐकायला मी फोन केला नव्हता."

मला राग आला, किळस आली. ओदेतची आली, थोडी व्हेनेरांदचीही आली असेल. मी असते तर त्या घराकडे तोंड करून पाणीसुद्धा प्यायले नसते. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं," आणि तांबड्या रंगाचा डबा उघडून मागायला लागली. तिचे हात भरलेले होते. मी डबा उघडून दिला.

ती फळी पूर्ण झाली. तिला ती आवडली नाही. ही आईची आहे, माझी नाही, म्हणाली, आणि आतल्या खोलीत लावून टाकली. प्रदर्शनांना ती पाठवत नाही. बाकीच्या फळ्यांवर परत टोकं वर करून काढते, आणि कुणी विचारलं की ही तुमच्या आईची नक्षी का, तर "नाही, माझी," एवढंच सांगते. डिवाइन आईपासून वेगळी राहायला गेली आहे. एकदा टूनगॅबीला आली होती. फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. व्हेनेरांदने तिला जेवायला वाढलं, गॅरेज मात्र दाखवलं नाही.

ओदेतचा फोन अजून येतो, बहुतेक रविवारी. परवा मी तिथेच बसले होते. टेबलावर फोन थरथरत होता, त्यावर तिचं नाव होतं. व्हेनेरांद बघत राहिली. मला वाटलं, नाही घेणार. मग तिने झग्याला हात पुसले, फोन उचलला आणि बोलत बोलत अंगणात गेली.